अमोनिया शीतगृहाचा हॅझॉप अभ्यास : नाशिकमधील एका सल्लागार सेवेचे परीक्षण

दिंडोरी तालुक्यातील आमच्या द्राक्षांच्या पॅकहाउसला जोडून शीतगृह आहे आणि त्याच्या शेजारी गोठवलेल्या डाळिंबाच्या दाण्यांसाठी उणे १८ अंशांची खोली आहे. या दोन्ही ठिकाणच्या अमोनिया रेफ्रिजरेशन प्रकल्पाची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेला द्राक्ष हंगाम आटोपल्यावर आम्ही नाशिकमधल्याच एका सल्लागार संस्थेकडून या प्रकल्पाचा प्रक्रिया सुरक्षेच्या दृष्टीने अभ्यास करून घेतला. आराखड्यांची जागेवर पडताळणी, हॅझॉप बैठका (म्हणजे प्रकल्पाच्या प्रत्येक भागात काय बिघडू शकते हे पद्धतशीरपणे विचारत जाण्याच्या बैठका), वर्क परमिटची, म्हणजे धोक्याच्या कामाआधी लेखी परवानगी घेण्याची, पद्धत, ऑपरेटरांचे प्रशिक्षण आणि आपत्कालीन आराखडा एवढी कामे वर्क ऑर्डरमध्ये होती. त्यात जे उत्तम झाले ते मी मोकळेपणाने सांगणार आहे आणि जे उणे राहिले तेही. संस्थेचे नाव मात्र देत नाही, कारण अशी सेवा घेताना काय तपासून घ्यावे हे सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे किंवा पिंपळगाव परिसरात माझ्यासारखेच काम करणाऱ्यांना कळावे, एवढाच या लिखाणाचा हेतू आहे.

शीतगृहाला हॅझॉप कशाला, असा प्रश्न मला आमच्याच क्षेत्रातल्या अनेकांनी विचारला. हॅझॉप हे मोठ्या रासायनिक कारखान्यांचे काम आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रत्यक्षात अमोनियाचे गुणधर्म कारखान्याच्या पाटीवर काय लिहिले आहे ते पाहून बदलत नाहीत. अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो. द्रवरूपातला एक लिटर अमोनिया बाहेर पडला तर त्याचा सुमारे साडेआठशे लिटर वायू होतो. कामाच्या आठ तासांसाठी हवेतील त्याची मान्य मर्यादा दहा लाख भागांत २५ भागांची आहे आणि ३०० भागांना तो जिवाला तत्काळ धोकादायक मानला जातो. कोंडलेल्या जागेत त्याचे प्रमाण १५ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान पोहोचले तर तो पेटूही शकतो, ही गोष्ट तर वर्षानुवर्षे शीतगृहात काम केलेल्या पुष्कळांना ठाऊक नसते. उन्हाळ्यात आमच्या रिसिव्हरमध्ये, म्हणजे द्रव अमोनियाच्या साठवण टाकीत, हा द्रव १३-१४ बार दाबाखाली साठलेला असतो आणि त्या रिसिव्हरपासून हाकेच्या अंतरावर हंगामात शेकडो माणसे, त्यांतही बहुसंख्य स्त्रिया, द्राक्षांची निवड आणि भरणी करत असतात.

कायद्याची चौकट अशा प्रकल्पांपर्यंत पुरती पोहोचत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि १९८९ साली घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांविषयीचे नियम आले. परंतु मोठ्या अपघाताचा धोका असलेले कारखाने ठरवताना साठ्याचे प्रमाण पाहिले जाते आणि आमच्यासारख्यांचा काही टनांचा साठा त्या मर्यादेच्या फार खाली राहतो. त्यामुळे सविस्तर सुरक्षा अहवाल आमच्याकडे कोणी मागत नाही. मागणी नसल्यामुळे असा अभ्यास करून घेणारे थोडे, आणि घेणारे थोडे असल्यामुळे शीतगृहांचा अनुभव असलेले सल्लागारही थोडे, अशी ही परिस्थिती आहे.

याआधी आमच्याकडे दरवर्षी सेफ्टी ऑडिट होत असे. अग्निशामकांची मुदत, हेल्मेट, शिडीचे कठडे, प्रथमोपचार पेटी, विजेच्या पॅनलसमोरची रबरी चटई हे सर्व त्यात तपासले जाई आणि ते तपासलेच पाहिजे. मात्र घसरून पडणारा माणूस आणि फुटणारी पाइपलाइन हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे आकडे कितीही चांगले असले तरी दुसऱ्याबद्दल त्यावरून काहीही कळत नाही. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे बीपी या तेल कंपनीच्या शुद्धीकरण कारखान्यात एक मनोरा मर्यादेपेक्षा जास्त भरला गेला, ज्वलनशील द्रव बाहेर ओसंडला, स्फोट झाला आणि १५ जण मृत्युमुखी पडले, १८० जखमी झाले. त्यानंतर जेम्स बेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २००७ साली जो अहवाल दिला त्यात, वैयक्तिक इजांच्या घटत्या आकड्यांवरून प्रक्रिया सुरक्षाही उत्तम असल्याचा समज कंपनीने करून घेतला होता, असा निष्कर्ष आहे. आमच्या पॅकहाउसच्या दारावर ‘अपघातविरहित दिवस’ असा फलक आहे. या संस्थेच्या प्रमुख अभियंत्यांनी पहिल्याच भेटीत तो फलक पाहून, त्यातल्या किती दिवसांत अमोनियाची गळती झाली आणि ती कुठे नोंदली आहे, एवढेच विचारले. गळतीची वेगळी नोंदवही आमच्याकडे नव्हती. आता आहे, आणि वास आल्याची साधी तक्रारसुद्धा तीत लिहिली जाते.

या सेवेतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग म्हणजे आराखड्यांची जागेवर पडताळणी. बैठकीला बसण्याआधी आमचा पी अँड आय डी, म्हणजे पाइप, व्हॉल्व्ह आणि उपकरणे दाखवणारे ड्रॉइंग, हातात घेऊन त्यांचे दोन अभियंते आमच्या ऑपरेटरांबरोबर प्रत्येक पाइपच्या मागे फिरले. जे जुळले त्यावर पिवळी रेघ आणि जे जुळले नाही त्यावर लाल रेघ अशी त्यांची पद्धत होती. ड्रॉइंग मूळ ठेकेदाराने प्रकल्प उभारताना दिलेले होते आणि त्यानंतर दोन चेंबर वाढले, एक कॉम्प्रेसर बदलला, कूलरच्या लाइन फिरवल्या गेल्या, त्यामुळे लाल रेघा पुष्कळ निघाल्या. अनेक सल्लागार कार्यालयात बसून मिळेल त्या ड्रॉइंगवर हॅझॉप उरकतात. तसे झाले असते तर आमचा सगळा अभ्यास अस्तित्वात नसलेल्या प्रकल्पाचा झाला असता.

त्या लाल रेघांपैकी एक येथे सांगण्यासारखी आहे. वाढीव चेंबरसाठी हंगामाच्या घाईत द्रव अमोनियाची लाइन पुढे नेली गेली होती आणि त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना बंद करता येणारे व्हॉल्व्ह होते. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी बंद झाले तर मधला थंड द्रव अडकतो, खोलीच्या तापमानाला तापू लागला की प्रसरण पावतो आणि द्रव दाबला जात नसल्यामुळे पाइपमधला किंवा व्हॉल्व्हमधला दाब थोड्याच वेळात सहनशक्तीच्या पलीकडे जातो. अशा तुकड्याला दाब सोडण्याची सोय हवी किंवा एक व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत कुलूपबंद ठेवायला हवा. आमच्याकडे दोन्ही नव्हते. लाइन वाढवणाऱ्या ठेकेदाराने वेल्डिंग चांगले केले होते आणि दाबाची चाचणीही घेतली होती, पण या बदलाने काय नवे घडू शकते हा प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे २८ जणांचा बळी घेणाऱ्या स्फोटामागेही असाच न विचारलेला प्रश्न होता. तडा गेलेला पाचवा रिॲक्टर काढून चौथ्या आणि सहाव्याला जोडणारा तात्पुरता पाइप पुरेसा हिशोब न करताच बसवला गेला आणि तो फुटून सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला. प्रशिक्षणात हे उदाहरण सांगताना त्यांनी आमच्या लाल रेघेचे छायाचित्र शेजारी लावले, आणि बदलाचा अर्ज भरल्याशिवाय पाइपला हात लावायचा नाही हा नियम आमच्या फिटरांना एरवी कटकटीचा वाटला असता तो त्या दिवशी पटला.

पडताळणीतच आणखी दोन गोष्टी सापडल्या. एका ठिकाणी बिघडलेले प्रेशर गेज बदलताना स्थानिक मिस्त्रीने पितळेची जोडणी वापरली होती. अमोनिया तांबे आणि तांब्याच्या मिश्रधातूंना खातो, पितळेला ताणाखाली तडे जातात, म्हणून अमोनियाच्या लाइनवर पोलादच वापरायचे असते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला तर अमोनिया ज्या पाइपने बाहेर पडणार तो पाइप छताच्या कडेपाशी संपत होता आणि पॅकिंग हॉलमध्ये ताजी हवा ओढणारा पंखा त्याच्या अगदी जवळ होता. प्रकल्प उभारला तेव्हा तो हॉल नव्हता. म्हणजे यंत्रणा वाचवण्यासाठी व्हॉल्व्ह अचूक उघडला असता आणि त्याच क्षणी सर्वांत जास्त माणसे असलेल्या जागेत वायू ओढला गेला असता. तो पाइप आता उंच नेला आहे आणि पंख्याची जागा बदलली आहे.

हॅझॉपची पद्धत १९६० च्या दशकात ब्रिटनमधील आयसीआय कंपनीत विकसित झाली. प्रकल्पाचे लहान लहान भाग पाडायचे, त्यांना नोड म्हणायचे, आणि प्रत्येक नोडमधील प्रवाह, दाब, तापमान, पातळी यांना ‘नाही’, ‘जास्त’, ‘कमी’, ‘उलट’ असे सूचक शब्द लावून काय होऊ शकते ते विचारत जायचे, एवढीच ती पद्धत आहे. ऐकायला ती कंटाळवाणी वाटते आणि वाईट रीतीने चालवली तर तशीच होते. बैठक चालवणाऱ्या अभियंत्या बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी मालकांसमोर दोन अटी घातल्या. बैठकीत ऑपरेटर पूर्णवेळ बसले पाहिजेत, आणि तेथे सांगितलेल्या कोणत्याही गोष्टीवरून कोणावरही कारवाई होणार नाही असे मालकांनी स्वतः सांगितले पाहिजे. या दुसऱ्या अटीचे फळ ऑइल पॉटच्या नोडवर आले.

कॉम्प्रेसरमधून वायूबरोबर थोडे तेल पुढे जातेच. ते द्रव अमोनियापेक्षा जड असल्यामुळे भांड्यांच्या तळाशी साठते आणि ऑइल पॉटमधून वेळोवेळी काढावे लागते. शीतगृहांतील अपघातांत हे तेल काढण्याचे काम वरच्या क्रमांकावर येते, कारण तेल संपले की मागोमाग अमोनिया येतो. म्हणून तेथे हात सोडला की स्प्रिंगने आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असतो. बाईंनी आमच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरांना विचारले, “अण्णा, तेल काढायला किती वेळ लागतो?”

“थंडीच्या दिवसांत पाऊण तास जातो, मॅडम. तेल गार पडलं की मधासारखं होतं, धार लागत नाही.”

“मग पाऊण तास तुम्ही तो दांडा धरून उभे राहता?”

अण्णांनी एकदा मालकांकडे पाहिले आणि म्हणाले, “नाही मॅडम, तार बांधतो. सगळेच बांधतात.”

बाईंनी त्यावर ना उपदेश केला ना भुवई उंचावली. तार कुठे बांधता, त्या वेळी शेजारी कोण असते, मध्येच कॉम्प्रेसरचा अलार्म वाजला तर कोण जातो, हे त्यांनी एकेक करून विचारले आणि लिहून घेतले. शिफारशीत त्यांनी ‘तार बांधू नये’ असा फलक लावायला सांगितला नाही. ऑइल पॉटला गरम वायूचे वेटोळे बसवून तेल पातळ करावे, निचऱ्याची लाइन मोठी करावी आणि काम काही मिनिटांत आटोपेल असे करावे, म्हणजे तार बांधण्याची गरजच उरणार नाही, अशी ती शिफारस होती. त्याबरोबर तेल काढण्यापूर्वी पॉट यंत्रणेपासून तोडून त्यातला दाब उतरवण्याचा क्रम मराठीत छापून तेथेच लावला. माझ्या मते सल्लागाराची पारख करायची असेल तर अशा ठिकाणी करावी. माणसाने नियम मोडला एवढ्यावर जो थांबतो त्याला पैसे देण्यात अर्थ नाही. नियम पाळणे अवघड का झाले आहे इथपर्यंत जो जातो, त्याची फी वसूल होते.

दुसरी मोलाची चर्चा वीजपुरवठ्यावर झाली. आमच्या फीडरवर वळवाच्या पावसात वीज जाणे नित्याचे आहे आणि जनरेटर सुरू होईपर्यंत प्रकल्प थांबतो. उणे १८ अंशांच्या खोलीतील कूलरवर साठलेला बर्फ काढण्यासाठी त्यात गरम अमोनिया वायू सोडला जातो, त्याला हॉट गॅस डिफ्रॉस्ट म्हणतात. ते चालू असताना वीज गेली आणि वीज परत आल्यावर नियंत्रण यंत्रणेने मागचे सगळे विसरून थेट थंड करण्याचा टप्पा सुरू केला तर काय होईल, हा प्रश्न त्यांनी मांडला. उत्तरादाखल त्यांनी अमेरिकेतील अलाबामा राज्यातील थिओडोर येथील शीतगृहाची घटना सांगितली. २३ ऑगस्ट २०१० रोजी सात तासांहून अधिक काळ वीज गेल्यानंतर प्रकल्प पुन्हा सुरू करताना तेथे नेमके असेच घडले. ऑपरेटरने अलार्म पुसण्यासाठी यंत्रणा रीसेट केली, डिफ्रॉस्ट अर्धवट असलेला कूलर मध्ये दाब न उतरवता थेट थंड करण्याच्या टप्प्यात गेला, गरम वायू थंड द्रवावर आदळून पाइपमध्ये जबर आघात निर्माण झाला आणि पाइप फुटला. सुमारे साडेचौदा टन अमोनिया बाहेर पडला आणि वाऱ्याच्या दिशेला काम करत असलेल्या दीडशेहून अधिक लोकांना त्रास झाला. आमच्या पॅनलमधला प्रोग्रॅम तपासला तेव्हा वीज आल्यावर तो कोणता टप्पा निवडतो हे पुरवठादाराच्या माहितीपुस्तिकेत कुठेच लिहिलेले नाही असे दिसले. चाचणी घेऊन ते ठरवले, आणि आता वीज परतल्यावर डिफ्रॉस्टमधला कूलर ऑपरेटरने हाताने मोकळा केल्याशिवाय सुरू होत नाही. एवढी एकच गोष्ट हाती लागली असती तरी मी ही सेवा उपयुक्त म्हटली असती.

आपत्कालीन आराखड्याच्या बाबतीत मात्र माझे मत तितके चांगले नाही. त्यांच्या माणसांनी जागेवर केलेली निरीक्षणे अचूक होती. आमचे एकत्र जमण्याचे ठिकाण मुख्य फाटकापाशी होते आणि द्राक्ष हंगामाच्या सुरुवातीच्या थंडीत वारा पूर्वेकडून असतो तेव्हा मशीन रूमकडून येणारी हवा बरोबर तिकडेच जाते, हे त्यांनी दाखवून दिले. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो. म्हणून आता दोन ठिकाणे ठरवली आहेत आणि दोन्हीकडून दिसेल असा विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, पाण्याच्या टाकीवर लावला आहे. वायू हवेपेक्षा हलका असला तरी द्रवाचे तुषार मिसळलेला थंड ढग जमिनीलगत सरकतो, त्यामुळे वाऱ्याला आडवे निघायचे, आणि सांडलेल्या द्रवावर थेट पाणी मारायचे नाही कारण त्याने तो अधिक वेगाने उकळतो, हे त्यांनी कामगारांना चांगले समजावले. पण प्रत्यक्ष लेखी आराखडा हाती आला तेव्हा त्यात दुसऱ्याच कोणत्या तरी कारखान्याची पाने शिरलेली होती. एका परिच्छेदात क्लोरिनच्या सिलिंडरची गळती रोखण्याचे किट कोठे ठेवावे याच्या सूचना होत्या. आमच्या आवारात क्लोरिनचा सिलिंडर नाही. दाखवून दिल्यावर त्यांनी दुरुस्त प्रत लगेच पाठवली, तरी जी व्यक्ती ऑइल पॉटवर इतक्या बारकाईने काम करते तिच्याच संस्थेतून असा कागद बाहेर पडावा याचे मला वाईट वाटले. संकटाच्या वेळी नेमका तोच कागद उघडला जाणार असतो. नाशिकने २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या रुग्णालयात द्रव ऑक्सिजनच्या टाकीची गळती आणि त्यामुळे पुरवठा खंडित होऊन एकाच दिवशी गेलेले २२ जीव पाहिले आहेत. या शहरातल्या सल्लागाराने तरी आपत्कालीन आराखडा हा अहवालाला जोडायचा उपचार समजू नये, अशी माझी अपेक्षा आहे.

दुसरी तक्रार लोपा विश्लेषणाची. हॅझॉपमध्ये गंभीर ठरलेल्या प्रसंगांसाठी संरक्षणाचे किती स्वतंत्र स्तर आहेत ते मोजून उरलेला धोका आकड्यांत काढण्याची ही पद्धत आहे, आणि तिचा सारा आधार ‘स्वतंत्र’ या अटीवर आहे. कॉम्प्रेसरकडे द्रव जाऊ नये म्हणून असलेल्या भांड्याच्या पातळीबाबत त्यांनी दोन स्तर धरले होते : उच्च पातळीचा अलार्म वाजल्यावर ऑपरेटरने करायची कृती, आणि कॉम्प्रेसर आपोआप बंद होणे. परंतु आमच्याकडे अलार्म आणि ट्रिप (म्हणजे हे आपोआप बंद होणे) दोन्ही एकाच लेव्हल सेन्सरवर चालत होते. तो सेन्सर अडकला तर दोन्ही स्तर एकदमच जातात, म्हणजे ते दोन नाहीतच. शिवाय रात्रपाळीत एकच ऑपरेटर असतो, तो त्या वेळी गाड्यांच्या नोंदीही पाहतो, आणि तरीही त्याच्या कृतीला पाठ्यपुस्तकातला पूर्ण भरवसा दिला होता. आक्षेप घेतल्यावर त्यांनी हिशोब बदलला आणि ट्रिपसाठी वेगळा फ्लोट स्विच सुचवला, जो आम्ही बसवला. तरीही विचारणारे कोणी नसते तर तो आकडा तसाच अहवालात राहिला असता आणि आम्ही सुरक्षित आहोत असा दाखला आमच्या कपाटात पडला असता. लहान प्रकल्पांनी लोपाचा आग्रह धरू नये असेच मी म्हणेन. चांगला हॅझॉप आणि निरोगी शंका यांवर आमच्या आकाराच्या प्रकल्पाचे बहुतेक काम भागते.

रात्रपाळीचा विषय निघालाच आहे तर बैठकीत कोण नव्हते तेही सांगतो. बैठका दिवसा झाल्या, त्यामुळे रात्री काम करणारे दोघे ऑपरेटर त्यांत एखाद्याच वेळी बसू शकले. गाड्या भरणारे ठेकेदाराचे कामगार तर यादीतच नव्हते. फोर्कलिफ्टने कूलरच्या पाइपला धक्का बसण्याचा धोका अहवालात ‘कमी संभाव्यता’ या रकान्यात गेला आहे. चेंबरमध्ये क्रेट रचणाऱ्या कोणालाही विचारले असते तर त्याने भिंतीवरचे ओरखडे दाखवले असते. आम्ही नंतर स्वतःच तेथे लोखंडी संरक्षक पट्ट्या लावून घेतल्या.

अहवाल इंग्रजीत होता. शिफारशींची जबाबदारी कोणाची आणि मुदत काय, हे रकाने त्यांनी नीट भरले होते आणि ‘प्रशिक्षण द्यावे’ अशा नुसत्या भरीच्या शिफारशी तुलनेने थोड्याच होत्या, ही जमेची बाजू. पण ज्यांच्या बोलण्यावर तो अहवाल उभा राहिला त्या ऑपरेटरांना तो वाचता येत नव्हता. मराठी प्रत मागितल्यावर जी आली ती यंत्राने केलेल्या भाषांतरासारखी होती आणि तिच्यात ‘रिलीफ व्हॉल्व्ह’चे, म्हणजे जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे, ‘मदत झडप’ झाले होते. शेवटी बाईंनी स्वतः एक दिवस येऊन, ऑपरेटर जे शब्द रोज वापरतात त्याच शब्दांत, चार पानांचा सारांश आमच्याबरोबर बसून लिहिला. तो सारांश आज मशीन रूममध्ये आहे आणि त्याच्या कोपऱ्यांवर तेलाचे डाग पडले आहेत, यावरून तो वापरला जातो हे कळते.

वर्क परमिटच्या पद्धतीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्यांनी दिलेले नमुने नेहमीचेच असले तरी सुटसुटीत आहेत, अमोनियाची लाइन उघडण्यासाठी वेगळा परमिट आहे आणि व्हॉल्व्हला कुलूप लावून टॅग अडकवण्याची पद्धत कामगारांनी लवकर आत्मसात केली. प्रशिक्षणही चांगले झाले. श्वसन उपकरण प्रत्येकाला प्रत्यक्ष घालायला लावले आणि ते घालून मशीन रूमच्या बाहेरून रिसिव्हरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून परत यायला लावले. हे मला विशेष आवडले, कारण त्या सरावातच तो व्हॉल्व्ह फिरवण्याचे चाक एका नव्या केबल ट्रेमुळे पुरते फिरत नाही हे उघड झाले.

खर्चाचे म्हणाल तर संपूर्ण कामाला आमच्या एका स्क्रू कॉम्प्रेसरच्या मोठ्या दुरुस्तीपेक्षा कमी पैसे लागले. शिफारशी अमलात आणण्याचा खर्च अर्थातच त्याहून अधिक आहे आणि तो आम्ही दोन हंगामांत वाटून घेतला आहे. कोटेशन मागवताना आम्हाला याच्या निम्म्या दरातही देकार आले होते. त्यांत जागेवरची पडताळणी नव्हती आणि हॅझॉप एका दिवसात आटोपणार होता. दर कमी का आहे हे त्या दोन ओळींतच कळत होते. या संस्थेच्या कोटेशनमध्ये मात्र पाठपुराव्याची भेट धरलेली नव्हती, तिचे वेगळे बिल आले, आणि हे त्यांनी आधी स्पष्ट करायला हवे होते.

एकूण मत विचाराल तर पडताळणी आणि हॅझॉप बैठका यांसाठी मी या सेवेची मनापासून शिफारस करतो, प्रशिक्षणासाठीही करतो, आणि लेखी कागदपत्रे घेताना प्रत्येक पान स्वतः वाचून घ्यावे असे सांगतो. मात्र बैठक कोण चालवणार त्या व्यक्तीचे नाव वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्यावे, कारण या कामात संस्थेपेक्षा व्यक्तीवर अधिक अवलंबून असते, आणि त्या व्यक्तीने अमोनियाचा प्रकल्प आधी पाहिलेला आहे का हे विचारून घ्यावे. द्राक्ष हंगाम चालू असताना हे काम काढू नये. एप्रिलअखेर ते पावसाळ्यापूर्वीचा काळ योग्य, कारण तेव्हा ऑपरेटरांना वेळ असतो आणि कंडेन्सरवरचा, म्हणजे वायू थंड करून त्याचा द्रव करणाऱ्या भागावरचा, ताणही सर्वाधिक असल्यामुळे यंत्रणेच्या मर्यादा डोळ्यांसमोर दिसतात.

अमेरिकेच्या प्रक्रिया सुरक्षा नियमांत असा अभ्यास दर पाच वर्षांनी नव्याने तपासण्याचे बंधन आहे. आमच्यावर तसे बंधन नसले तरी मालकांनी तेच अंतर मान्य केले आहे आणि चेंबर वाढवायचा झाला तर त्याआधीच त्या भागाचा हॅझॉप करायचा असे ठरले आहे. पुढच्या वर्क ऑर्डरचा मसुदा मी तयार केला आहे. त्यात किमान दोन बैठका रात्रपाळीच्या वेळेत घ्याव्यात, लोडिंगच्या कामगारांपैकी एकाला कूलरच्या नोडवर बसवावे, मराठी सारांश मूळ अहवालाबरोबरच द्यावा आणि सहा महिन्यांनंतरची पाठपुराव्याची भेट त्याच दरात धरावी, अशा चार अटी घातल्या आहेत. बाईंनी पहिल्या तीन तोंडी मान्य केल्या आहेत, चौथीवर बोलणे चालू आहे.